अधिकमासातला लपवलेला जावई

माझी थोरली बहीण शिवम्मा. नवऱ्यामागे वीस वर्षे चौसाळ्यात दोरखंड आणि बैलांच्या घुंगरमाळा विकून तिने लेकीला, शिवांजलीला, शिक्षिका केले. या बाईवर खोटे बोलण्याची पाळी आणली ती शिवांजलीच्या शिक्षणसंस्थेने. एका शाळेत नवरा-बायको नोकरीस चालणार नाहीत, असा तिथला नियम. आणि शिवांजलीचे मन जडले त्याच शाळेतल्या विश्वेश्वरवर. मार्चमध्ये गुपचूप नोंदणी विवाह झाला. साक्षीदार मी.

जुलैत अधिकमास आला. तीन वर्षांतून एकदा जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. शिवम्मा ऐकते थोडीच!

"एकच जावई हाय माझा. त्याला उपाशी ठिवू?"

दार लावून तिने विश्वेश्वरला माझ्या शेजारच्या पाटावर बसवले, तोच कडी वाजली. मुख्याध्यापक सुंदरराव, शिवांजलीसाठी स्थळ घेऊन! विश्वेश्वर मागच्या खोलीत दोरखंडांआड पळाला.

"धोंडे? घरात मुलगी लग्नाची, मग जावई कोण, शिवम्माताई?"

"गुरुजींचाच मान, सर. बसा," शिवांजली घाईने म्हणाली.

आणि हा गृहस्थ खरोखर बसला! पाय धुवून घेतले, टोपी-उपरणे स्वीकारले, तूप मागून मागून पाच धोंडे रिचवले. आत घुंगरमाळ खळखळली.

"बैल घेतला का?"

"गोऱ्हा हाय, सर. नवाच हाय, बुजतोय," शिवम्मा म्हणाली.

मग सुंदररावांचा हात ताटातल्या चांदीच्या निरांजनाकडे गेला. शिवम्माने ताट ओढले.

"त्याला हात न्हाई लावायचा, सर. ते माझ्या जावयाचं हाय. विश्वेश्वर, या भायेर!"

तो आला. सुंदररावांच्या देखत तिने त्याचे पाय धुतले.

सुंदररावांनी बोटांवरचे तूप चाटले आणि फर्मावले, "सोमवारी राजीनामा हवा. एकाचा." नजर मात्र शिवांजलीवर.

"संस्थाचालकांचे चिरंजीव आणि सूनबाई एकाच शाळेत आहेत, ते?" मी विचारले.

"ते घरचे."

"मग आमी काय दारचे?" शिवम्मा कडाडली. "राजीनामा कुनी देनार न्हाई. नियम हाय ना? लेखी द्या. न्हाईतर उठा पाटावरून!"

सुंदरराव उठले, उपरण्यासकट गेले. तो लेखी नियम त्यांना आजवर सापडलेला नाही. जो नियम कागदावर नव्हताच, त्याच्या धाकाने माझ्या भाचीने चार महिने मंगळसूत्र डब्याच्या पिशवीत लपवले. याचा जाब मी कोणाला विचारायचा?