समुद्रात गोड, वावरात खारट

आमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, अकोल्याजवळच्या खारपाण पट्ट्यात भाजी पिकवतो. वावरात दोन बोअर मारले, दोन्ही खारट निघाले. तरी तिसऱ्याचा हट्ट. वहिनीने बजावलं, "तिसरा मारला तं मी पोरीकडे चालली!" आणि मला म्हणाली, "भाऊजी, याईले चार दिवस कुठंतरी न्या. डोक्यातून बोअर निघू द्या."

मी त्याला सिंधुदुर्गला नेलं. पाणी विसरायला माणसाला समुद्रावर नेणं माझ्याच बुद्धीला शोभतं.

रेल्वेने कुडाळ, पुढे तासभर एसटी, की मालवण. षड्रिपूंपैकी पाच मी घरी ठेवले होते. सहावा, मत्सर, सोबत आला. इथल्या विहिरींच्या काठांवरही शेवाळ! शेवाळ धरायला तरी पाणी लागतं हो. खाणावळीत शाकाहारी असाल तर आधीच सांगा, नाहीतर ताटात नुसता बटाटा येतो. सोलकढी मात्र मागून प्या.

धक्क्यावरून समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात होडी जाते. पावसाळ्यात बंद असते. भोवतीचं पाणी सागरी अभयारण्य. तळाशी प्रवाळ आहे, काही उचलायचं नाही, अशी होडीवाल्याने ताकीद दिली.

"इथं प्रवाळाले संरक्षण," दादा म्हणाला, "आन आपल्याकडं रानडुकराले!"

तटबंदी अशी, की बघताना मान दुखावी. पण दादा अडकला तो आतल्या विहिरीशी. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात; त्यांतली एक बाई तिथे भांडी घासत होती. तिने आम्हाला पेलाभर पाणी दिलं. दादाने जिभेवर घोट घेतला आणि पचकन थुंकला. आमच्याकडे नवं पाणी असंच चाखतात.

"अवो, थुकतास कित्याक? गोडा आसा ता!" बाई उखडली.

दादा ओशाळला. पेला रिकामा केला, दुसरा मागितला. "चारी बाजूनं खारं, आन हे गोड कावून?"

"पावसाचा पाणी. साठता हय." तिने खळखळून हात धुतले.

परतीच्या होडीत दादाने समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "समुद्राच्या मधात बसून ती गोड्या पाण्यानं भांडे घासून राहिली. आन माही वांगी जळून राहिली." मलाही तसंच वाटत होतं.

घरी आल्यावर आठवड्याने मी वावरात गेलो. दादा चुन्याची फक्की टाकून जमिनीवर चौकोन आखत होता. मला वाटलं, झालं, बोअरची जागा! वहिनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती, तोंड आवळून.

"बोअर नाही," दादा म्हणाला. "तळं. पावसाचं साठवतो."

वहिनीने चौकोनाभोवती एक फेरी मारली. किल्ल्यातल्या बाईची हकिकत तिने माझ्याकडून दोनदा ऐकली होती.

"तिची हीर केवढी हाये, भाऊजी?"

"आपल्या आंगणात मावेल एवढी."

"तिले भांडेच घासाचे, आपल्याले वांगे जगवाचे. मंग आपलं लहान कावून आखलं?" ती फक्कीची टोपली घेऊन पुढे झाली. "सरका तिकडं."

आणि तिने चौकोन पार धुऱ्यापर्यंत वाढवला.