माठातलं इन्सुलिन

काल नवा माठ भरला, ओल्या मातीचा वास घरभर पसरला आणि जुने दिवस आठवले. कोटरा वस्तीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात फ्रिज नव्हता. माझी इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, माठाच्या गार पाण्यात असायची. आई साड्यांना फॉल लावून घर चालवायला हातभार लावायची आणि जेवणाआधी मला सुईही तीच टोचायची.

बारावीनंतर इंदूरच्या कॉलेजात माझा नंबर लागला. बाबा म्हणाले, "तिथे हिला सुई कोण लावणार? राहू दे."

आईने डोस भरून सिरिंज माझ्या हातात दिली. "हीच लावेल."

मी पोटाची चिमूट धरली. सुई तिरकी धरून नुसतीच टेकवत राहिले.

"अगं, फॉल लावतेयस का? सरळ घाल!"

मी घातली. वर बघते तर इतकी वर्षं मला टोचणारी आई भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून उभी.

"झालं का गं?"

"झालं."

बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

तेव्हा मला आईचं हसू आलं होतं. आता कळतं, माझं तिच्यावाचून जमतंय हेच तिला बघवत नव्हतं. तरी शिकवलं तिनेच.

मी इंदूरला गेले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.