न वाचलेल्या पुस्तकावरचं मत

किसनराव गायकवाड पुण्याजवळच्या सूसच्या त्या सोसायटीत राहायला आले ते मुलामुळे. सिद्धांतची नोकरी महाळुंग्याच्या बाजूला, सून सायली बँकेत. दोघांनी फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना पौडहून उचलून आणलं. किसनरावांनी एसटीत उभी हयात काढलेली. शेवटची बरीच वर्षं ते पौडच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत खिडकीपाशी बसून वाचायचं, ही त्यांची जुनी सवय. गावच्या वाचनालयात जे मिळेल ते: कादंबरी, चरित्र, शिकारकथा, मधमाश्या पाळायचं पुस्तक, कायद्याची सोपी माहिती. आवड-निवड नव्हतीच, भूक होती.

सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये पुस्तककट्टा भरायचा. आशालताताई देशमुख, कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका, तो चालवायच्या. एक गोष्टीचं पुस्तक, एक खऱ्या माहितीचं. सगळ्यांनी वाचून यायचं आणि आपापलं मत सांगायचं. किसनराव पहिले दोन महिने मागच्या खुर्चीत गप्प बसून राहिले. तिसऱ्या महिन्यात एका जाडजूड कादंबरीची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली आणि ताईंनी विचारलं, "गायकवाड, तुम्ही काहीच बोलत नाही?"

"कादंबरीतली बाई तीनदा घर सोडून जाते," किसनराव भीत भीत म्हणाले. "पण तिला एकदाही तिकीट काढावं लागत नाही, भूक लागत नाही, कुठं उतरायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. मला ती घराबाहेर पडल्यासारखी वाटलीच नाही."

खसखस पिकली. ताई म्हणाल्या, "हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही."

तिथून किसनरावांना मान मिळायला लागला. एका उद्योगपतीच्या आत्मचरित्रावर ते म्हणाले, "एवढ्या आयुष्यात साहेबांना एकही माणूस 'नाही' म्हणाला नाही, हे कसं?" पक्ष्यांवरच्या एका छोट्या पुस्तकाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले, कारण लेखकाला जे माहीत नव्हतं ते माहीत नाही असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "काका, यावेळचं वाचलं का? कसं आहे?" जन्मभर लोकांनी त्यांना गाडी कधी सुटणार एवढंच विचारलं होतं.

आणि मग डोळे गेले. अगदी गेले असं नाही. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग शब्दाच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला. जिथं बघावं तिथंच तो. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलेलं. ते एकटेच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "पडद्याचा मधला भाग झिजलाय. चालाल, फिराल, पण बारीक अक्षर आता जमणार नाही." घरी येऊन त्यांनी सांगितलं, "नंबर बदललाय." दिवाळीच्या धांदलीत कुणी खोलात शिरलं नाही.

वाचून दाखव असं बायकोला म्हणता आलं असतं. अनुसया चौथीपर्यंत शिकलेली होती. पण पौडला असताना ती बोटाखाली अक्षर धरून पेपर मोठ्यानं वाचायची, जोडाक्षराला अडखळायची, तेव्हा किसनराव पोराबाळांसमोर म्हणायचे, "तुझं वाचून हुईस्तोवर संध्याकाळची गाडी बी निघून जाईल." सगळे हसायचे. हळूहळू तिनं मोठ्यानं वाचणं सोडून दिलं होतं. आता तिच्यासमोर पुस्तक घेऊन कोणत्या तोंडानं जायचं?

कट्टा सोडावा, हेही जमेना. मग त्यांनी वाट काढली. निरंजन नावाचा एक बोलका इंजिनिअर सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला यायचा. तो वाचलेलं सगळं पुस्तक चालता चालता सांगून टाकायचा. किसनराव त्यातलंच एखादं धरून त्याला आपल्या बोलण्याचा मसाला लावायचे आणि रविवारी वाढायचे. लोक हसत होते, माना डोलवत होते. निरंजनलासुद्धा आपलाच माल ओळखू आला नाही. घरी परतताना किसनरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि पुढच्या महिन्यात ते परत जायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला कट्ट्यावर एका नर्सबाईंचं पुस्तक आलं. क्षितिजा कदम, पौडच्या पुढं डोंगरातल्या एका उपकेंद्रात काम करणारी. तिचं हे पहिलंच पुस्तक, तिथल्या अनुभवांचं. लेखिका स्वतः येणार होती. आपल्या भागातली बाई म्हणून किसनरावांनी अनुसयेलाही बरोबर घेतलं. नेमका निरंजन त्या आठवड्यात परगावी होता. आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाला, "अर्धंच वाचलं, काका. जरा रडकंच वाटलं बुवा." तेवढ्या शिदोरीवर किसनराव निघाले.

क्लब हाऊस भरलं होतं. क्षितिजा साधी, सुती साडीतली, हातात पेन घेऊन प्रत्येकाचं बोलणं टिपून घेत होती. किसनरावांची पाळी आली तसे सगळे सरसावून बसले. त्यांना ते जाणवलं आणि त्यांचा आवाज चढला.

"आमचा मुळशी तालुका मला नवा नाही," ते म्हणाले. "आमची माणसं अशी नुसती कुढत बसत नाहीत. या पुस्तकात एक तरी हसणारा माणूस हवा होता. मला तर दुःख विक्रीला मांडल्यासारखं वाटलं."

कुणी हसलं नाही. क्षितिजाचं पेन थांबलं. चेहरा उतरला, पण ती रागावली नाही. पुस्तक घेऊन ती उठून त्यांच्यापाशी आली.

"काका, दुसरी आवृत्ती निघतेय. असं कुठं वाटलं तेवढं दाखवाल? मी काढून टाकीन."

तिच्या मनात खोट नव्हती. खरंच विचारत होती. किसनरावांनी पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली. सगळीकडे तोच राखाडी डाग. "चष्मा घरी राहिला," ते पुटपुटले. त्या सकाळीच गावाहून परतलेल्या निरंजननं शेजारून लगबगीनं आपला चष्मा काढून दिला. तो त्यांनी घातला. सगळं क्लब हाऊस वाट बघत होतं. आता काहीतरी दाखवायलाच हवं होतं. त्यांनी एका पानावर बोट टेकवलं.

"हे. हे इथलं."

क्षितिजा वाकली. हलक्या आवाजात म्हणाली, "काका, हे पान कोरं आहे. दोन भागांच्या मधलं."

किसनरावांचं बोट तिथंच राहिलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग मागून अनुसयेचा आवाज आला.

"त्यास्नी दिसत न्हाई, ताई. दिवाळीपासनं दिसत न्हाई. ह्ये पुस्तक त्यांनी वाचल्यालंच न्हाई." ती पुढं आली, त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून तिनं निरंजनच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला घरी."

घरी दार लावल्यावर किसनरावांनी विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"चटणी समजून मिठाला भाकरी लावताय, मला ठावं असनार न्हाई?"

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय त्याची वाट बघत व्हते."

"आन् तितं चारचौघांत सांगायची काय गरज व्हती?"

अनुसया पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिनं खाली ठेवला. "ती पोर तुमचं खरं मानून पुस्तकातलं काढाया निघाली व्हती. तिनं काय घोडं मारलं व्हतं तुमचं?"



त्यानंतर किसनराव लिफ्टनं जायचे बंद झाले. जिन्यात पावलं वाजली की मधल्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून थांबायचे. लोक रागावले असते तर बरं झालं असतं. आशालताताईंचा फोन आला, "तुम्ही या हो, आम्ही आहोत ना." निरंजननं ऐकायची पुस्तकं सिद्धांतच्या फोनवर पाठवली. सायली न बोलता ताटातले पदार्थ नावं घेऊन वाढायला लागली. त्या सगळ्या मायेनं किसनराव आणखी खाली बघायचे. न दिसण्याची लाज कधीच मागं पडली होती. ते एक वाक्य मात्र काट्यासारखं रुतून होतं. 'दुःख विक्रीला मांडलंय.' ते त्यांनी पुस्तकाबद्दल म्हटलंच नव्हतं. कानाला बरं लागलं, लोक हसतील असं वाटलं, म्हणून म्हटलं होतं.

एका दुपारी अनुसया मेथी निवडत बसली होती. किसनराव समोर येऊन बसले. 

"ते नर्सबाईंचं पुस्तक... वाचून दावशील?"

"माजं वाचनं लई हळू हाय."

"ठाव हाय."

"तुमाला धीर धरवनार न्हाई."

"धरीन."

तिनं मेथीची जुडी संपवली. "आज न्हाई," म्हणाली आणि आत गेली. किसनरावांनी तेही ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिनं आपणहून चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं.

ती वाचायला लागली. बोट अक्षराखाली, जोडाक्षरापाशी अडणं, मागं येऊन पुन्हा सुरुवात. अडलेला शब्द किसनरावांना आधीच कळायचा, जिभेवर यायचा. ते ओठ आवळून गप्प राहायचे. दुसऱ्याच प्रकरणात गंगूबाई नावाची एक म्हातारी निघाली. औषधाच्या गोळ्या कोंबड्यांना घालायची आणि डॉक्टरांना सांगायची, गुण आला बगा. ते सगळं प्रकरण हसण्याचंच होतं. अनुसया वाचता वाचता इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. किसनराव मान खाली घालून बसले होते. एक तरी हसणारा माणूस हवा होता म्हणे.

पुढं नदी ओलांडायचं प्रकरण आलं. भर पावसात एका बाळंतिणीला डोलीतून पलीकडे नेताना मधेच बाळ जन्मतं, आणि डोली धरलेली चार माणसं पाण्यात तशीच उभी राहतात, कुणी वळून बघत नाही. बाईची अब्रू राहावी म्हणून. ते वाचताना अनुसया दोनदा थांबली. 

पुस्तक संपलं त्याच आठवड्यात दोघं बसनं पौडला आणि तिथून जीपनं उपकेंद्रावर गेले. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात पोरं रडत होती. गर्दी ओसरेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिले. क्षितिजा हात पुसत बाहेर आली आणि त्यांना बघून थबकली.

किसनराव उठले. "ताई, मी न वाचता बोललो. माझं चुकलं. आता सगळं वाचलंय. म्हणजे, हिनं वाचलं, मी ऐकलं."

क्षितिजानं त्यांना बसवलं. मग म्हणाली, "तुम्ही वाचलं नव्हतं हे मला त्याच दिवशी कळलं, काका. तरी मन खात राहिलं. घरी जाऊन तीन प्रकरणं काढली. सगळ्यात दुःखाची होती ती. प्रकाशकांना कळवूनही टाकलं."

"कुटली?" अनुसयेनं विचारलं.

क्षितिजानं नावं सांगितली. नदीचं त्यात होतं.

"अगं बया! त्ये काढलं? त्याच्यापायी तर ह्ये पुस्तक हाय."

किसनरावांना जमीन दुभंगावी असं झालं. क्षितिजानं त्यांच्यादेखतच प्रकाशकांना फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकत ती नुसती "हो, हो" म्हणत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "पुस्तकाचा पहिला भाग छापून झालाय. दुसऱ्या भागातली दोन प्रकरणं परत घालता येतील. नदीचं पहिल्या भागातलं, ते गेलं."

 मग किसनरावांकडे बघत म्हणाली, "आता ऐकलंय ना तुम्ही? मग खरं मत सांगा."

"आता मी काय बोलू, ताई?"

"बोला. त्यासाठीच आलात ना?"

किसनराव अडखळत म्हणाले, "शेवटी तुमच्या सत्काराचं, शिबिरांचं लिहिलंय. तिथं पुस्तक ढिलं पडतं. बाकी... बाकी मला बोलायचं तोंड नाही."

क्षितिजा कसनुसं हसली. "तेच तर मी ठेवलं होतं."

"मला न्हाई ढिलं वाटलं," अनुसया मधेच म्हणाली. "बाईला शाल दिली त्ये वाचून मला लई बरं वाटलं." त्यावर मात्र क्षितिजा मोकळी हसली आणि आत चहा ठेवायला गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा दुसरी आवृत्ती निघाली आणि कट्ट्यावर एक प्रत आली. किसनराव बऱ्याच महिन्यांनी अनुसयेबरोबर क्लब हाऊसमध्ये गेले. मागच्या खुर्चीत बसले. आशालताताईंनी त्यांना बोलायचा आग्रह केला नाही. किसनरावांनीच हात वर केला.

"या आवृत्तीत एक प्रकरण नाही," ते उभं राहून म्हणाले. "ते माझ्यामुळे गेलं. मी पुस्तक न वाचता मत दिलं, आणि बाईंनी ते खरं धरलं. कुणाला पहिली आवृत्ती मिळाली तर ती वाचा. न मिळाली तर त्या प्रकरणात काय होतं ते मी सांगतो. मी ते ऐकलंय."

 कोण कसं बघतंय ते त्यांना दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांना त्याचं बरंच वाटलं. ते नदीपासून सांगायला लागले. पाणी कुठवर आलं होतं, डोली कुणी कुणी धरली होती. मधे एकदा चुकले तेव्हा अनुसयेनं शेजारून दुरुस्त केलं, आणि त्यांनी तेवढं पुन्हा सांगितलं.