दाजींचं परदेशी पितळ

कस्टम ड्यूटी भरल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न उरकल्याचं समाधान पसरतं असा माणूस अख्ख्या देशात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या, आक्काच्या, वाट्याला आला. आम्ही निपाणीकडची माणसं. नाक्याच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. डिझेल कुठल्या बाजूला स्वस्त आणि कुठली वस्तू कुठून आणली की चार पैसे सुटतात, हे इथल्या पोराला अक्षरओळखीच्या आधी कळतं. अशा गावात राहून आमचे दाजी राजीखुशीने, वर पावती मागून घेऊन, आयातकर भरतात. एकदा परदेशातल्या दुकानदाराने पार्सलवर सवलतीची किंमत लिहिली, तर यांनी त्याला पत्र लिहून कळवलं की मूळ किंमतच लिहावी, कमी नको. तो बिचारा ते पत्र अजून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असेल. मी विचारलं, तर म्हणाले, "पावणं, कागदावर किंमत कमी लिवली की मालाची किंमत कमी हुती." याच गृहस्थांना मी गुरुवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या एका पेंढीवरून बाईशी पाऊण तास हुज्जत घालताना पाहिलं आहे.

दाजी मागवतात ते पेनाचं सामान. एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्मभर नटबोल्ट मोजून ते निवृत्त झाले आणि मागच्या पडवीत त्यांनी एक लहानसं लेथ मशीन बसवलं. त्यावर लाकडाचा तुकडा फिरवायचा, पटाशीने सोलायचा, मधून भोक पाडायचं आणि आत परदेशाहून आलेली पितळी नळी चिकटवून पेन करायचं. नळी, टोक, टोपी, खिशाला अडकवायची क्लिप असा सगळा ऐवज चिवड्याच्या पुडीएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीत येतो. म्हणजे पेनाचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो आपणच घाम गाळून करायचा, आणि आतल्या नळीसाठी समुद्रापलीकडे पैसे धाडायचे. बरं, नळी आली म्हणून काम भागत नाही. त्या मापाचं भोक पाडणारं गिरमिट गावात मिळत नाही, म्हणून ते तिकडून. गिरमिट आलं की लाकूड धरायची सळई लहान पडते, म्हणून तीही तिकडून. सळई आली तर तिच्यावर चढवायच्या लोखंडी बांगड्या वेगळ्या निघतात. प्रत्येक खेपेला कुरिअरवाल्यांचा फोन येतो, आधार कार्ड द्या, वस्तू कशासाठी हवी ते लिहून द्या, आणि दाजी शाळेतल्या निबंधासारखं पानभर उत्तर लिहितात. शेवटी ड्यूटी, त्यावरचा कर आणि कुरिअरवाल्याने आपल्यासाठी ड्यूटी भरली म्हणून त्याची वेगळी दक्षिणा. पुडीपेक्षा पुडी सोडवण्याचा खर्च जास्त. मी हे बोलून दाखवलं की ते त्यातली एखादी क्लिप माझ्या तळहातावर ठेवतात. "वजन बघा की वजन! आपल्यात असलं पितळ मिळतंय व्हय?" मला त्यात आणि आक्काच्या तांब्यात काही फरक कळत नाही, पण मी बेळगावात एका कॉलेजात कारकून असल्यामुळे माझ्या मताला ते तसंही किंमत देत नाहीत.

लाकूड मात्र स्वदेशी, आणि तेही दुसऱ्याचं. दाजी कोणाकडे गेले की माणसांची विचारपूस करायच्या आधी दाराच्या चौकटीवरून हात फिरवतात. सदलग्याच्या पाहुण्यांकडे ते मयताला गेले आणि येताना मोडक्या बैलगाडीचा कणा रिक्षात घालून आले. घरात तर विचारूच नका. आक्काचं सासूकडून आलेलं शिसवी लाटणं एका दुपारी नाहीसं झालं आणि संध्याकाळी दोन पेनं होऊन परत आलं. आक्का तेव्हा पीठ मळून बसली होती. "आता चपात्या पेनानं लाटू व्हय?" एवढंच ती म्हणाली आणि तिने बाटलीने चपात्या लाटल्या. दाजींनी त्या बाटलीकडे पाहून बूच सागाचं करता येईल असं सुचवलं. झालेली पेनं ते वाटून टाकतात. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठेही आहेर म्हणून मखमली डबीतून पेन. पेन देखणं असतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातली शाईची कांडी परदेशी मापाची. ती संपली की पुन्हा तिकडूनच मागवायला हवी. त्यामुळे निपाणीपासून हिंडलग्यापर्यंत आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकेक सुंदर, कोरडं पेन कपाटात पडून आहे, आणि लोक दहा रुपयांच्या पेनाने सही करतात.

या सगळ्यावर उघडउघड बोलणारा माणूस एकच, आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील आणि दाजींचे सासरे. आक्काच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. हाडाचे प्राथमिक शिक्षक. दिवसा शाळा झाली की संध्याकाळी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांना ओसरीवर बसवून सही करायला शिकवायचे. पगाराच्या दिवशी अंगठा उठवणाऱ्या कितीतरी बायका आप्पांमुळे स्वतःचं नाव लिहू लागल्या. जावयाने दिलेलं पहिलं पेन त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "दिसायला बरं हाय. पण पेनाचं लिवण्यावर बघायचं असतंय, जावई." दाजींना ते लागलं. पुढे सात-आठ वर्षं ते आप्पांना पेन देत राहिले आणि आप्पा प्रत्येकाला दहापैकी गुण देत राहिले. पाचाच्या वर एकही गेलं नाही.

मग आप्पांना उजव्या अंगाला अर्धांगवायूचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवी मूठ नीट मिटेना. साधं पेन त्यांच्या बोटांतून निसटायचं. पेन्शन काढायला गेले तर स्लिपवरची सही बँकेतल्या सहीशी जुळेना. खिडकीतला पोरसवदा कारकून गोकाककडचा, स्वभावाने चांगला. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, "हेब्बेट्टु ओत्तरी, सर." अंगठा लावा. आप्पांनी स्लिप फाडली आणि घरी आले. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे सोडवलेला माणूस, तो आता स्वतःचा अंगठा उठवणार? पेन्शन नको म्हणाले. एक महिना गेला, दुसरा गेला. मी काय केलं? मी बेळगावहून येऊन बँकेत भांडलो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलो. आक्का डबा द्यायची, त्यातला निम्मा परत यायचा. "मी आता निरक्षर झालो गं," असं ते तिला म्हणाले, ते तिने मला फोनवर रडत सांगितलं.

दाजींनी मात्र तिकडच्या यादीतलं सगळ्यांत जाड पेनाचं सामान मागवलं. ते पार्सल कस्टममध्ये अडकलं. दाजी रोज फोन करायचे, कागद धाडायचे, मागतील तेवढे पैसे भरायचे, आणि मी इकडे कॉलेजात त्यांची नक्कल करून लोकांना हसवायचो, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. शेवटी पार्सल आलं. दाजींनी रात्रंदिवस खपून, त्याच त्या बैलगाडीच्या बाभळीचं, आरशासारखं लखलखीत पेन केलं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं. पितळाच्या वजनाने ते सरळ फरशीवर पडलं. टोक वाकलं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावई, लई केलंसा."

दाजी पेन उचलून घरी आले आणि आक्काला म्हणाले, कणीक मळ. घट्ट मळ. तो गोळा ताटलीत घेऊन ते पुन्हा दोन गल्ल्या चालत गेले. "मामा, ह्येला जेवढं दाबता येतंय तेवढं दाबा." आप्पांनी दाबला. जिथे जिथे बोट टेकलं तिथे खळगा पडला. तो गोळा समोर ठेवून दाजींनी हलक्या पांगाऱ्याच्या लाकडात तेच खळगे कोरले. मशीनला हात लावला नाही, नळी नाही, क्लिप नाही, परदेशी काही म्हणजे काही नाही. आत कोपऱ्यावरच्या दुकानातली पाच रुपयांची कांडी. झालं ते आल्याच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. असली कुरूप वस्तू दाजींच्या हातून आधी कधी झाली नसेल.

त्या रविवारी मी आप्पांकडेच होतो. आप्पांनी चौथ्या प्रयत्नात सही केली. अक्षरं थरथरत होती, पण नाव पुरं होतं, आडनावासकट. सोमवारी दाजी त्यांना बँकेत घेऊन गेले. कारकून म्हणाला, ही जुन्यासारखी नाही. दाजी म्हणाले, "मग जुनी काढा आनि ही ठेवा." त्याने सहीच्या नवीन नमुन्याचा फॉर्म दिला, त्यावर आप्पांनी तीन वेळा सही केली. बाहेर पायरीवर दाजींनी हळूच विचारलं, "मामा, दहापैकी किती?" आप्पा म्हणाले, "सहीला चार." मग पेन जपून खिशात घालत, "पेनाला धा."

त्यानंतर चौदा महिने आप्पांनी स्वतःच्या सहीने पेन्शन काढली, आणि गेल्या फाल्गुनात ते गेले. दिवसकार्य झाल्यावर मी आक्काकडे बसलो होतो. दाजींनी कपाटातून ते पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी उचललं, लिहून बघावं म्हणून बोटं लावायला गेलो, पण एकही बोट खळग्यात बसेना. अंगठा एकीकडे, तर मधलं बोट भलतीकडे. दाजी माझ्या हाताकडे बघत होते.

"ऱ्हाऊ द्या पावणं," ते म्हणाले. "त्ये दुसऱ्या कुणाला चालायचं न्हाय."

मला आप्पांची आठवण आली, फार आली. ते पेन खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.