स्पंजातल्या अळ्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. जालन्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, दिवसभर बडबडतो — पण हे एक तोंडातून निघत नाही. तुम्हाला सांगून बघतो.

सुषमा आणि मी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. ती टेंभुर्णीची, जिद्दी, जरा फटकळ. तिचा विषय गोड्या पाण्यातला स्पंज. तलावातल्या दगडांना चिकटलेला, शेवाळ समजून आपण खरवडून टाकू असा जीव. त्याला रक्त नाही, हृदय नाही. तरी ऑक्सिजन धरून ठेवणारी प्रथिनं त्याच्यात असतील, आपल्या हिमोग्लोबिनची फार जुनी भावंडं, असं तिला वाटायचं. म्हणजे ही युक्ती रक्ताच्याही आधीची का? या एका प्रश्नापायी ती वेड्यासारखी राबत होती.

मी फक्त मदतीला होतो — हेच इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आलोय.

स्पंजाच्या छिद्रांत बारीक लाल अळ्या राहतात. त्यांच्यात स्वतःचं हिमोग्लोबिन असतं, म्हणून तर त्या लाल. प्रथिनं काढायला स्पंज वाटण्याआधी भिंगाखाली चिमट्यानं एकेक अळी वेचावी लागते. मान मोडून जाते. त्या दिवशी सुषमा तापानं फणफणली होती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला पिंपळगाव रेणुकाईला, घरी जायची एसटी गाठायची होती. वरवर दिसल्या तेवढ्या काढल्या आणि बाकीचं — तसंच वाटून टाकलं.

"अळ्या बराबर काढल्या ना रे?"

"बिलकुल न्हाई राह्यली एक बी."

स्पंजात ते प्रथिन सापडलं, असा निकाल आला आणि सरांनी पेढे वाटले. मग बाहेरच्या प्रयोगशाळेनं तपासलं. प्रथिन अळीचं निघालं. सरांनी सगळ्यांसमोर तिला खोटारडी म्हटलं. मी तिथंच उभा होतो. आणि ती काय म्हणाली असेल? "अळ्या तर यानं काढल्यात सर, मंग भांडी मीच नीट धुतली नसतील." मला वाचवलं तिनं, नकळत! तेव्हा बोलायचं होतं. जीभ उचललीच नाही. तिची पीएच.डी. सुटली, आता तीर्थपुरीला शाळेत शिकवते. लोक मला सर म्हणतात तेव्हा कधीकधी जीव नकोसा होतो.

यंदा तिची मुलगी माझ्या वर्गात आली. परवा तास संपल्यावर मागं थांबली.

"सर, आईचं नेमकं काय चुकलं व्हतं? ती सांगतच न्हाई."

वर्गात दुसरं कुणी नव्हतं. आमचे सर कधीच वारले. माझी नोकरी पक्की. एका वाक्याचं तर काम होतं — आणि मी म्हणालो, तुझ्या आईला घाई फार होती.

पोरीनं मान खाली घातली. थँक्यू सर, म्हणाली.

तेव्हा भ्यालो होतो, असं म्हणता येतं. परवा मी कुणालाच भीत नव्हतो.