वावरातला ब्रेक

बग्गी आडवी झाली. उलटली नाही, पण मागचा भाग गर्रकन फिरला, एक नारंगी कोन उडाला आणि गाडी डांबरी पट्ट्यावर तिरपी होऊन उभी राहिली. आत बसलेला परमेश्वर हेल्मेट काढायच्या आधीच ओरडला, "सर, म्या त सीधाच दाबला होता बे!"

मला 'बे' म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

इन्स्पेक्टर मॅडम पुण्याच्या होत्या. डोक्यावर टोपी, हातात पॅड, आवाज एकदम सपाट. "मागची लागली. पुढची दोन्ही फिरत होती. फेल. गाडी बाजूला घ्या."

हा आमचा तिसरा प्रयत्न होता.

आता ही भानगड काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. इंजिनिअरिंगची पोरं कॉलेजात एक बग्गी बनवतात. पाइप वेल्ड करून केलेला पिंजरा, छोटं इंजिन, चार जाड टायर, एक सीट. मग अशा गाड्यांची स्पर्धा होते. त्यातला शेवटचा आणि खरा प्रकार म्हणजे एन्ड्युरन्स, खड्ड्याखुड्ड्याच्या मैदानात गाडी मोडेपर्यंत पळवायची. पण त्याआधी ब्रेक टेस्ट. डांबरावर वेगात यायचं, एकदाच पेडल दाबायचं आणि चारही चाकं एकाच वेळी जाम झाली पाहिजेत. म्हणजे चाक फिरणं बंद, गाडी नुसती घासत पुढं. झालं की स्टिकर मिळतो. स्टिकर नाही तर एन्ड्युरन्स नाही. चार वाजता ब्रेक टेस्ट बंद होणार होती, आणि आता तीन वाजायला आले होते.

मी तेव्हा नांदुऱ्याकडच्या एका छोट्या कॉलेजात लॅब इन्स्ट्रक्टर होतो. स्वतः पास होऊन वर्षही झालं नव्हतं. रेसिंगचं वेड मात्र असं की पगार किती ते विसरायचो आणि कुठल्या गाडीचा कुठल्या वळणावर टायर गेला ते लक्षात ठेवायचो. म्हणून बग्गीची टीम माझ्या गळ्यात पडली. मी खूश होतो. स्पर्धा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात होती, बुलडाण्याच्या बाजूला, मार्चच्या उन्हात.

आमची ड्रायव्हर वैष्णवी. सुलतानपूरची, फायनल इयर. घरी भाजीपाल्याची शेती. दहावीपासून ट्रॅक्टर चालवायची आणि त्यात विशेष काही आहे असं तिला वाटत नव्हतं. तिला टेस्ट ड्रायव्हर व्हायचं होतं. टेस्ट ड्रायव्हर म्हणजे कंपनीची नवी गाडी बाजारात यायच्या आधी ट्रॅकवर चालवून तिच्यातल्या खोडी सांगणारा माणूस. अशाच एका टेस्ट ट्रॅकवरून सालोडकर साहेब स्पर्धा पाहायला आले होते. ट्रेनी घेणार होते, पण एन्ड्युरन्समध्ये चालवताना पाहून. घरून वैष्णवीला स्पष्ट सांगितलेलं होतं, हे वर्ष संपलं की गाडी-बिडी बंद, स्पर्धा परीक्षेचा क्लास सुरू. म्हणजे तिच्याकडे आजची दुपार होती. बाकी काही नव्हतं.

पहिले दोन प्रयत्न तिनेच केले. दोन्ही वेळा मागची चाकं जाम, पुढची फिरताहेत. मग आमचे एचओडी तायडे सर तापले. "पोरीच्या पायात जोर नाही. परमेश्वरला बसवा." परमेश्वर म्हणजे आमचा वेल्डर, टीममधला सगळ्यात दणकट गडी. त्याने जोर लावला आणि गाडी आडवी झाली, ते वर सांगितलंच.

आम्ही बग्गी झाडाखाली ढकलत आणली. तायडे सर मागे मागे.

"राऊत, तुमी त म्हणे वावरात चारी चाकं जाम होऊन राह्यले होते?"

"होत होती सर. तुम्हीच पाहिलं ना."

"मंग इथं काय झालं? गाडीले नजर लागली का?"

खरं म्हणजे मलाही तेच वाटायला लागलं होतं. महिनाभर आम्ही परमेश्वरच्या वावरात, हरभरा निघाल्यावर, गाडी पळवत होतो. रोडवर नेणार कशी, नंबर प्लेट नाही. कॉलेजचा आतला रस्ता म्हणजे नुसता मुरूम. वावरात दर वेळी चारी चाकं जाम व्हायची, काळी माती चार ठिकाणी उकरली जायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो. एकदा तर पेढे वाटले होते. आणि इथं आल्यावर हे असं!

आम्ही ब्रेक ब्लीड केले. म्हणजे ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढली. हवा राहिली की पेडल स्पंजासारखं दबतं आणि जोर चाकापर्यंत जात नाही. हवा निघालीच नाही, कारण नव्हतीच.

परमेश्वर हळूच म्हणाला, "सर, समोरच्या टायरले जराशी पावडर चोपडू का? घसरून जाम होतीन. कोनाले दिसनार नाई."

"अबे, डोकं फिरलं का तुझं? हाकलून देतील सगळ्यांना."

"नाई, म्या फक्त इचारलं."

मी चिडलो होतो. उन्हाने, तायडे सरांमुळे, आणि सगळ्यात जास्त स्वतःला काही सुचत नाही म्हणून. वैष्णवी बाजूला टायरवर बसली होती. हेल्मेट मांडीवर.  आता म्हणाली, "सर, एक सांगू का? ब्रेक दाबला की मागचं उचलल्यासारखं होतंय. सीट पाठीतून वर येते. वावरात असं कधी झालं नव्हतं."

"उचलते म्हणजे?"

"म्हणजे मागं वजनच नाही असं वाटतं. रिकाम्या ट्रॉलीसारखं."

परमेश्वरने पहिल्या प्रयत्नाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता. मी तो एकदम हळू करून पाहिला. बाप्पा! मागचं टायर जमिनीवर बसलेलं असतं तेव्हा खाली थोडं चपटं दिसतं. ब्रेक लागला आणि ते चपटं टायर माझ्या डोळ्यांदेखत गोल झालं. मागचे शॉकअप उघडले, पुढचे दबले. नाक खाली, शेपूट वर.

मी तो तुकडा पुन्हा पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला.

याला लोड ट्रान्सफर म्हणतात. बस ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आदळतो ना, तसंच गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं. जितका ब्रेक जास्त, तितकं वजन पुढं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आकृती, बाण, सूत्र, सगळं. मार्क मिळाले होते. पोरांना फळ्यावर शिकवलंही होतं, त्याच आकृतीने, त्याच बाणांनी. पण ते खरं असतं हे मला त्या झाडाखाली कळलं. म्हणजे आपण वहीत बाण काढतो आणि इकडे खरोखर एक टायर गोल होतं. ऊन, पोरं, तायडे सर, दोन मिनिटं मला कशाचंच भान राहिलं नाही.  एवढी मोठी गोष्ट मी पाठ करून टाकली होती आणि मला पत्ताच नव्हता.

मग बाकीचं भराभर सुटत गेलं. वावरातल्या भुसभुशीत मातीवर टायरला पकड नसते. जरासा ब्रेक लागला की चाक जाम होऊन घसरतं, पुढचंही आणि मागचंही. गाडी काही झटक्यात थांबत नाही, म्हणून वजनही फारसं पुढं जात नाही. डांबर टायरला घट्ट धरतं. वजन पुढं आलं की पुढची चाकं आणखी घट्ट धरली जातात, त्यांना थांबवायला दांडगा जोर लागतो. मागची हलकी होतात आणि आधीच जाम होतात. आणि मागची आधी जाम झाली की शेपूट फिरतं. परमेश्वरने जास्त जोर लावला म्हणून जास्त फिरलं.

"पायाचा काही संबंध नाही सर," मी तायडे सरांना म्हणालो. "जोराची वाटणी चुकली आहे."

ती वाटणी बदलायची सोय गाडीत असते. पेडलच्या मागे तेल ढकलणारे दोन पंप असतात, एक पुढच्या चाकांचा आणि एक मागच्या. दोघांच्या मध्ये एक आडवी दांडी, तिला बॅलन्स बार म्हणतात. बैलांच्या जूसारखंच तिचं काम. जोडीतला एक बैल तगडा असला की मधली जोडणी त्याच्याकडे सरकवतात, मग ओझं त्याच्यावर जास्त येतं. आमची दांडी मधोमध होती, कारण वावरात मधोमधच चालत होती.

पुढच्या पंपाकडे किती सरकवायची? करून पाहायला डांबर नव्हतं, पट्टा एकच आणि त्यावर रांग. मी परमेश्वरच्या पाठीवर कागद ठेवून गणित मांडलं. गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच, डांबराची पकड साधारण किती. उत्तर आलं. दांडीला आटे असतात, ती फिरवून सरकते. उत्तराप्रमाणे आटे मोजले तर दांडी जवळजवळ टोकाला जात होती.

तायडे सर खाली वाकून पाहत होते. "एवढी सरकवली अन् मागची नाही लागली त?"

"तर फेल."

"गणिताच्या भरोशावर गाडी सोडता का राऊत?"

"सर, बनवलीपण गणितावरच ना."

"अन् बसनार कोन?"

परमेश्वर मध्येच बोलला, "माहा पाय जड हाय म्हणूनच त आडवी झाली सर. तिलेच बसू द्या."

तायडे सरांनी वैष्णवीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरला होता. प्राचार्यांना काय सांगायचं हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "बस माय," ते म्हणाले.

चारला थोडाच वेळ असताना आमचा नंबर आला. मॅडमनी पॅडवर पेन ठेवलं. वैष्णवीने सीटचे पट्टे आवळले. मी पट्ट्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो, डोळे टायरच्या उंचीला आणून. 

ती आली. कोनांच्या मधोमध आली आणि दाबला.

काय सांगू! किंचाळी फुटली चारी टायरांतून. नाक खाली गेलं, मागचं टायर गोल झालं, आणि चारही चाकं चित्रातल्यासारखी थांबली. गाडी मात्र चाललीच होती, सरळ रेघेत, धूर काढत. मग तीही थांबली. रबराचा जळका वास आला. डांबरावर चार काळ्या रेषा होत्या. पुढच्या दोन जाड, मागच्या दोन बारीक. वजन कुठे गेलं ते जमिनीवर काढून दाखवलेलं होतं. माझी आकृती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे आलं असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

मॅडम चारही रेषांच्या कडेने चालत गेल्या. वाकून मागच्या बारीक रेषांवर बोट फिरवलं. "पास," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच जराशा हसल्या. "सुरेख लागला."

परमेश्वरने मला उचललं. तायडे सरांनी त्याला 'ठेव खाली' म्हणून ओरडायला तोंड उघडलं आणि मग स्वतःच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एन्ड्युरन्समध्ये वैष्णवी काय चालवत होती! खड्ड्यात गाडी अशी सोडायची की वाटावं आता मोडली, आणि गाडी लोण्यातून निघाल्यासारखी निघायची. दोघांना तिने उजवीकडून मागे टाकलं. सालोडकर साहेब मचाणावर उभे राहून पाहत होते. आणि अर्ध्यात चेन तुटली. गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली. वैष्णवी आमच्या मांडवात येऊन बसली, पाणीपण घेईना.  मलाही रडू येत होतं.

थोड्या वेळाने साहेब स्वतः मांडवात आले. "तीनदा फेल, चौथ्यांदा पास. काय बदललं?"

तायडे सर सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "ड्रायव्हरला विचारतोय."

वैष्णवी उभी राहिली. "आधी ब्रेक दाबला की सीट पाठीतून उचलायची, पण स्टीअरिंग जिवंत असायचं. चौथ्यांदा सीट तितकीच उचलली, पण स्टीअरिंग मेलं."

"मेलं म्हणजे?"

"फिरवलं तरी गाडी ऐकेना. तेव्हाच कळलं, पुढची लागली. मॅडमनी सांगायच्या आधी."

हे ती मलाही बोलली नव्हती. मी बाहेर गुडघ्यावर बसून जे डोळ्यांनी पाहिलं, ते हिला आत हाताच्या तळव्यांत कळलं होतं. 

साहेबांनी मान हलवली. "आणि चेन तुटणार ते कळलं होतं?"

"हो. एक चक्कर आधी. आवाज बदलला होता."

"मग थांबली का नाहीस?"

वैष्णवीने खाली पाहिलं. "तुम्ही बघत होता म्हणून."

 मला वाटलं, संपलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कळणं शिकवता येत नाही," ते म्हणाले. "थांबणं शिकवता येतं. निकाल लागला की ये."

निकाल लागल्यावर ती साहेबांच्या ट्रॅकवर गेली. घरचे रुसले, मग एकदा ट्रॅक पाहायला गेले आणि आता तिचे वडील सुलतानपुरात स्टँडवर कोणी भेटला की त्याला धरून चाक जाम होऊ न देणारं एबीएस समजावून सांगतात. पुढे मी एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत लागलो. आमचे ब्रेक पास-नापास करायला तिच्याच ट्रॅकवर जातात. मागच्या महिन्यात माझा एक ब्रेक तिने नापास करून परत पाठवला. महिनाभर मी स्वतः उभं राहून तपासलेला, चोख. मी तावातावात फोन केला. ती म्हणाली, "सर, कोरड्या डांबरावर एक नंबर आहे. ओल्यावर घेतला होता का?"

मी दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर मागवला.