तिरपी हवा

पाणी फडक्यानं पुसणारा माणूस आमच्या साडूंच्या लेखी अजून गुहेतच राहतो. भोकरदनला त्यांचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. धुतलेल्या गाडीवरचं पाणी ते कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवतात, इथवर ठीक. पण घरातली ताटं, भिजलेली छत्री, दुधात पडलेलं मांजर, सगळ्यांनाच त्या नळीपुढं उभं राहावं लागतं. एकदा मी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला, तर केवढ्यानं ओरडले! "साडूसाहेब, काय करून राह्यले? फडकं पाणी काढत न्हाई, फासतं! हवा मारायची, अन् ती बी तिरपी. समोरून मारली की पाणी सैरावैरा पळतं. तिरपी मारा, मंग बराबर काठाला जातं." पाणी गेलं. चष्माही गेला, शेजारच्या पंक्चरवाल्याच्या घमेल्यात सापडला.

मेहुणीला जाऊन आता तीन वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ती पदराआड व्हायची, त्यामुळे तिचा धड फोटो एकच: लग्नातला. मधे नवरानवरी अन् कडेला, थोरला जावई म्हणून फेटा बांधून ताठलेला मी. गेल्या पावसाळ्यात भिंत पाझरली अन् फ्रेममध्ये पाणी शिरलं. साडू गिऱ्हाइकात होते. आपण तेवढीच मदत करावी म्हणून मी काच काढली अन् कडेकडून रुमाल फिरवायला लागलो. रुमालाला रंग आला.

"हात काढा," मागून साडू म्हणाले. ओरडले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरलो.

त्यांनी नळीची हवा कमी केली, स्वतःच्या गालावर लावून पाहिली, आणखी कमी केली. मग लांबून, तिरपी. पाण्याचा पातळ पापुद्रा मुंडावळ्यांवरून सरकला, कपाळावरून, हनुवटीवरून, अन् काठाशी थेंब होऊन गळला. मेहुणी जशीच्या तशी होती. साडूंनी तेव्हा कुठं श्वास सोडला. मग कडेला पाहिलं. फेटा शाबूत होता. फेट्याखाली कोणी नव्हतं.

"तुमचं तोंड रुमालात गेलं की हो!"

आता येईल त्याला ते फोटो दाखवतात: "हे बिनतोंडाचे आमचे साडूसाहेब. फडकेवाले!"

परवा थंडीत सकाळीच गेलो, तर कॉम्प्रेसर बंद. साडू फोटोसमोर उभे राहून तोंडानंच काचेवर फुंकत होते, तिरपं. श्वासानं काच धुरकट व्हायची, मेहुणी दिसेनाशी व्हायची. अन् ते थांबायचे, ती हळूहळू परत येईपर्यंत. मग पुन्हा फुंकायचे.

माझा हात सवयीनं रुमालाकडं गेला होता. तो मी खिशातच ठेवला.